उजवा खिसा

आमच्या लॉन्ड्रीत माझ्या नवऱ्याकडे एकच खातं आहे. खिसे. गेली सव्वीस वर्षं. कपडा काउंटरवर आला की हे त्याचे खिसे उलटे करतात, जे निघेल ते छोट्या खाकी पाकिटात घालतात, पाकिटावर बिल्ल्याचा नंबर, तारीख आणि कोणता खिसा तेही लिहितात, आणि ते पाकीट कपड्याच्या हँगरला टाचून ठेवतात. कोणता खिसा हे कशाला लिहायचं, हे कोडं मला कधी सुटलं नाही. किल्ली डाव्या खिशातली असली काय आणि उजव्या खिशातली असली काय, कुलूप तेच उघडणार. पण विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं, "असू दे. लागतं कधी कधी." सव्वीस वर्षांत लागलेलं मी काही पाहिलं नाही.

बाकीचं सगळं माझ्याकडे. डाग, इस्त्री, गिऱ्हाइकं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं. यातलं शेवटचं काम मी विशेष आवडीने करते. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, आणि लोकांना एवढं एकच खरं कळलेलं आहे.

दुकानात एक नियमही आहे, तो ह्यांनीच घातलेला. खिशात सापडलेला कागद वाचायचा नाही. घडी असेल तशी पाकिटात टाकायची. मी म्हणायची, वाचला तर काय कागद झिजतो? हे म्हणायचे, "आपलं काम कपड्यापुरतं." एवढं बोलले की त्यांचा दिवसाचा शब्दांचा कोटा संपायचा.

तर अशा या सुखी संसारात मागच्या वर्षी माझ्या गळ्यात बोराएवढी गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. सर्जन मला हसत हसत म्हणाले, "काळजी करू नका, कॅन्सरच व्हायचा असेल तर हाच झालेला बरा." मी म्हटलं, मग तुम्हीच घ्या ना, मी कुठे आग्रह करतेय. त्यानंतर ते माझ्याशी हसून बोलले नाहीत. ग्रंथी काढली, गळ्यावर एक आडवी शिवण आली, तीही जरा तिरपी. मी एवढी तिरपी शिवण घातली असती तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता.

मग पुढचं प्रकरण. थायरॉइडच्या पेशींना आयोडीन फार आवडतं. त्या गळ्यात असोत, फुप्फुसात गेलेल्या असोत की हाडात, आयोडीन दिसलं की तुटून पडतात. म्हणून किरण सोडणारं आयोडीन रोग्याला गिळायला द्यायचं, ते जिथे जिथे जाऊन बसेल तिथल्या पेशी त्यानेच मरतात, आणि यंत्राखाली झोपवलं की ते कुठे कुठे बसलंय तेही दिसतं. म्हणजे चोर पसरलेत किती, हे त्यांना जेवायला घालून मोजायचं. डॉक्टर मॅडमनी मला हे इतकं छान समजावलं की मला वाटलं, आता परीक्षा घेतात की काय.

पण जेवायला घालायच्या आधी चोरांना उपाशी ठेवायचं असतं. चोर माझ्या अंगात, म्हणजे उपास मला. महिनाभर नेहमीचं आयोडीनवालं मीठ बंद, दूध बंद, अंडी बंद, मासे बंद, बेकरीतलं बंद. ग्रंथी काढल्यावर सुरू झालेली थायरॉइडची गोळीही बंद. गोळी बंद झाली तशी मी फुगले. डोळे सुजले, आवाज बसला, भर उन्हात स्वेटर घालून मी इस्त्रीपाशी बसायला लागले. कुणी पँट जाळली म्हणून भांडायला आलं तर मी नुसती बघत राहायची. गिऱ्हाइकं खूश होती. एकजण तर ह्यांना म्हणाला, "वहिनी हल्ली किती शांत झाल्यात!"

डोसाच्या दिवशी मला शिशाच्या भिंतींच्या एका खोलीत बसवलं. एक माणूस शिशाचं जाड भांडं घेऊन आला. त्याने अंगात जाड एप्रन घातला होता, लांब चिमट्याने त्याने एक कॅप्सूल काढली, हात होता तेवढा लांब केला आणि तोंड दुसरीकडे फिरवून मला म्हणाला, "घ्या." जी वस्तू हा गडी चिमट्यानेसुद्धा धरायला घाबरत होता ती मी गिळायची. गिळली. तो जवळजवळ पळतच गेला.

पुढचे तीन दिवस मी एकटी. लिंबाच्या आंबट गोळ्या सतत चघळायच्या, असा हुकूम होता. कारण लाळेच्या ग्रंथीही आयोडीन ओढतात, ते तिथे साचलं तर तोंड कायमचं कोरडं पडतं. म्हणून तोंडाला पाणी सुटत राहिलं पाहिजे. माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की बोलायला माणूस नव्हता तेच बरं होतं. पुसायला त्यांनी कागदी रुमालांचा खोका ठेवला होता आणि ते टाकायला वेगळी झाकणाची बादली. आता मी लॉन्ड्रीवाली बाई. एकदा पुसायचं आणि फेकून द्यायचं, ही असली चैन मला पाहवत नाही. मी आपला घरचा सुती रुमाल वापरला. धुतला की स्वच्छ होतो, हे जगात कुणालातरी लक्षात ठेवायला हवं.

चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, घरून आणलेला धुतलेला गाऊन घालून मी यंत्राच्या खोलीत गेले. यंत्र चालवणारा चांगला पन्नाशीचा, मिशीवाला, तोंडावर कायमचा कंटाळा. फलाटावरची घोषणा करावी तसं तो म्हणाला, "नाणी, किल्ल्या, पट्टा, दागिने, धातूचं काही? खिसे रिकामे करा."

मी म्हटलं, "मला खिसे शिकवता? सव्वीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय मी. नाणं नाही, किल्ली नाही, काही नाही. चला, आटपा."

तो म्हणाला, "झोपा."

अर्धा तास मी उताणी. यंत्राच्या दोन चपट्या पाट्या, एक वर, एक खाली, मुंगीच्या गतीने डोक्यापासून पायांपर्यंत गेल्या. मधेच माझ्या मनात आलं, माझ्याच अंगात काय चाललंय ते बघायला हा कंटाळलेला माणूस लागतो, मला मात्र छताशिवाय काही दिसत नाही. मग घरी.

घरी वेगळी खोली, वेगळं ताट आणि ह्यांच्यापासून चार हात लांब. तसं आमचं सव्वीस वर्षं चार हात लांबच चाललंय, पण आता त्याला डॉक्टरांची सही होती. हॉस्पिटलातले कपडे वेगळ्या पिशवीत ठेवून दोनदा धुवायचे होते. हे रबरी हातमोजे घालून मोरीपाशी त्या पिशवीत काहीतरी खुडबुड करत होते. मी दारातून ओरडले, "अहो, ते नुसते धुवायचेत, त्यांची झडती नाही घ्यायची!" हे म्हणाले, "हो." आणि खुडबुड चालूच.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, डॉक्टर मॅडमचा फोन आला. ह्यांनी घेतला. ऐकलं, "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. मी चार हातांवरून विचारलं, "काय झालं?"

"सोमवारी बोलावलंय."

"कशाला?"

"हाडात काहीतरी ठिपका दिसतोय म्हणाल्या."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. गळ्यातल्या गाठीला मी घाबरले नव्हते, गळा काय, कापून झाला. पण हाडात म्हणजे तो निघाला होता घर सोडून, माझ्या अंगभर हिंडत. मी पलंगावर बसले आणि गाऊनच्या बाहीची शिवण नखाने उसवत राहिले. हे उठले, चहा केला, बिनदुधाचा, मधे स्टुलावर ठेवला आणि मागे सरकले.

शनिवारी माझी नणंद हजर. हिला मी मनात आकाशवाणी म्हणते, कारण हिला सगळं वरून कळतं. दारातच पिशवी टाकून तिने सुरुवात केली.

"वहिनी, हाडात गेला म्हणे! अगं माझ्या जावेच्या चुलतभावाचा असाच हाडात गेला होता."

"मग? कसे आहेत ते?"

"ते कुठे आहेत आता!" ती म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. "पण तुमचं वेगळं गं. तुम्ही खंबीर आहात."

"वन्सं, चार हात लांब बसा," मी म्हटलं, "माझ्यातून किरण निघतात."

ती आठ हात लांब बसली. हा एकच फायदा मला या आजाराचा आजवर झाला. मग तिथून तिने ह्यांना सल्ले दिले. दुकान कुणाला चालवायला द्यावं, मला कुठली पुस्तकं वाचून दाखवावीत, पाहुण्यांना काय सांगावं. हे एका कोपऱ्यात बसून दुकानातल्या एका पावतीच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, गिऱ्हाइकांची यादी असेल. बायको हाडापर्यंत पोचली तरी ह्यांचं लिहिणं सुटत नाही, असं मी मोठ्याने म्हटलंही. ह्यांनी कागद घडी घालून दारामागे लटकवलेल्या शर्टाच्या खिशात ठेवला.

सोमवारी आम्ही तिघं मॅडमसमोर. मॅडम वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला. त्यावर मी होते. दोन मी, एक पुढून, एक मागून, धुरकट, हातपाय पसरलेल्या. गळ्यात उजेड, तोंडाशी उजेड, पोटात उजेड. "हे सगळं अपेक्षितच असतं," मॅडम म्हणाल्या. "ग्रंथीचा थोडा भाग राहिलेला असतो, लाळ असते, आयोडीन लघवीतून बाहेर पडतं. प्रश्न फक्त याचा आहे."

त्यांनी पेनाचं टोक माझ्या खुब्यावर ठेवलं. तिथे एक ठिपका होता. वाटाण्याएवढा, पण ठसठशीत.

"खुब्याच्या हाडात पसरलेला असू शकतो. आणखी दोन तपासण्या करू, मग पुढचा डोस बहुतेक मोठा द्यावा लागेल."

मी पडद्याकडे बघत होते. डोक्यात एकच चाललं होतं, की या खुब्यावर मी रोज इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहते. सव्वीस वर्षं ज्याच्या जिवावर उभी राहिले तोच आतून पोखरला. मला रडू येत होतं आणि नणंदेसमोर रडायचं नव्हतं. तिने मात्र माझ्या वतीने सुरू केलं होतं.

हे खुर्चीतून पुढे वाकले. आता काहीतरी धीराचं बोलतील, असं मला क्षणभर वाटलं. हे म्हणाले, "मॅडम, ही उजवी बाजू तिची, की आपण बघतोय त्याची?"

"त्यांची. त्यांचा उजवा खुबा."

"म्हणजे जांघेच्या वर, जरा बाहेरच्या अंगाला."

"हो, साधारण तिथेच."

"दोन्ही चित्रांत आहे, पण पुढच्यात जास्त ठळक?"

मॅडमनी वळून पाहिलं. "हो, पुढच्यात जास्त आहे."

बायको हाडाने गेली आणि हा माणूस तिच्या अंगाचा भूगोल विचारतोय! मी तोंड उघडणार एवढ्यात हे उठले. "मी घरी जाऊन येतो," म्हणाले. "तोवर पुढचं काही ठरवू नका." आणि गेले. खरंच गेले. दाराच्या काचेतून मला त्यांची पाठ जिन्याकडे जाताना दिसली.

आकाशवाणीचे डोळे क्षणात कोरडे झाले. "दादाला झेपत नाही गं हे," ती म्हणाली. "पुरुषांचं असंच असतं. पळतात."

मी बाहेरच्या बाकावर बसले. तास झाला, सव्वा तास झाला. समोर भिंतीवर निरोगी माणसांचं एक चित्र होतं, सगळी बिनकामाची हसत होती. सव्वीस वर्षांत या माणसाने मला कधी भांडणात उत्तर दिलं नाही, कधी दार आपटलं नाही, आणि आज पहिल्यांदा गेला तर असा गेला. मला राग आला होता, पण रागाच्या खाली नुसती भीती होती. ती मी इतकी वर्षं ओरडून झाकत आलेय, हे मला त्या बाकावर कळलं. त्याचा काही उपयोग नव्हता, पण कळलं.

दीड तासाने हे आले. घामाघूम. एका हातात घरातला चिमटा आणि चिमट्यात, हात होईल तेवढा लांब धरून, दुकानातलं खाकी पाकीट. बसमध्ये ह्यांच्या शेजारी कुणी बसलं नसणार.

मॅडमच्या टेबलापासून दोन पावलांवर उभं राहून ह्यांनी ते वर धरलं. बिल्ल्याच्या नंबरच्या जागी 'घर' लिहिलेलं. खाली गुरुवारची तारीख. त्याखाली, त्यांच्या त्या नीट, कंटाळवाण्या अक्षरात: 'गाऊन. उजवा खिसा. रुमाल, सुती, १.'

"हा तिच्या खिशात होता," हे म्हणाले. "यंत्राखाली होती तेव्हासुद्धा असणार. ती खिसे बघत नाही."

मला तीन दिवसांच्या लिंबाच्या गोळ्या आठवल्या, खोक्यातले ते न वापरलेले कागदी रुमाल आठवले. पुसून पुसून ओला झालेला, घडी घालून सवयीने स्वच्छ गाऊनच्या खिशात सरकवलेला रुमाल आठवला. तो धातूचा नव्हता, म्हणून मी खोटंही बोलले नव्हते.

मॅडमनी मिशीवाल्याला बोलावलं. त्याने किरण मोजायचं हातातलं यंत्र पाकिटाजवळ नेलं. ते तडतड करायला लागलं आणि थांबेचना. मिशीवाल्याच्या तोंडावरचा कंटाळा प्रथमच हलला. मग त्यांनी माझा रुमाल, पाकिटासकट, एवढ्या लांबलचक टेबलावर एकटा झोपवला आणि त्याचा स्कॅन काढला. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा मानाने वागवलेला रुमाल पाहिला नाही. पडद्यावर सगळा अंधार आणि मधोमध वाटाण्याएवढा ठसठशीत ठिपका.

"आता तुम्ही," मिशीवाला म्हणाला. "खिसे..."

"नाहीयेत," मी म्हटलं. "बिनखिशाचा घातलाय." माझा आवाज थरथरत होता, हे त्यालाही ऐकू गेलं असावं, कारण त्याने हात देऊन मला टेबलावर चढवलं.

पुन्हा त्या पाट्या, पुन्हा ते छत. रुमाल पेटला म्हणून हाड सुटलं असं काही नव्हतं. दोन्ही असू शकतं, एवढं गणित मलाही येत होतं. पाट्या खुब्यावर आल्या तेव्हा मी श्वास धरला. त्याने काय होणार होतं, कुणास ठाऊक.

पडदा फिरवायच्या आधीच मॅडम हसल्या. गळ्यात उजेड, पोटात उजेड, खुबा काळाकुट्ट. "हाड स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कुठेही पसरलेला नाही. गळ्यातलं उरलंसुरलं या डोसानेच जाईल." मग जरा खाली बघून, "खरं तर आम्हीच गाऊन बदलायला द्यायला हवा होता. आणि बाजूनेही फोटो घ्यायला हवा होता, ठिपका अंगाबाहेरचा आहे हे तेव्हाच दिसलं असतं. माफ करा."

मिशीवाला म्हणाला, "मी खिसे रिकामे करा म्हटलं होतं."

म्हटलं होतं. मी वाकून चपला शोधायला लागले. नणंदेने हे पाहिलं आणि ती अजून लोकांना सांगते, की हाड स्वच्छ निघालं हा चमत्कार नाही, वहिनी गप्प बसल्या हा चमत्कार.

जीव भांड्यात पडला की माणूस लगेच पहिल्यासारखा होतो. बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तिथेच का नाही सांगितलंत? दीड तास मी बाकावर मेले."

"पाकीट बघितल्याशिवाय कसं सांगणार? डावा असता तर?"

गोळी पुन्हा सुरू झाली. सूज उतरली, आवाज परतला, गिऱ्हाइकांची सुट्टी संपली. महिनाभराने एका दुपारी मी घरचे कपडे दुकानात आणले. त्यात ह्यांचा निळा शर्ट होता, हॉस्पिटलात जायचा म्हणून वेगळा ठेवलेला आणि तेव्हापासून दारामागे तसाच लटकलेला. आता मी खिसे बघते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जगाचे खिसे तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा तपासला नव्हता. आतून पावतीची घडी निघाली.

दुकानाचा नियम मला पाठ आहे. मी घडी उघडली.

वर शनिवारची तारीख होती. खाली लिहिलं होतं, 'मॅडमना विचारायचे:

१. हाडातला काढता येतो का?

२. नाही तर ते हाड काढून दुसरं बसवतात का?

३. माणसाचं चालतं का? नवऱ्याचं? (रक्तगट वेगळा आहे.)

४. चालत असेल तर तिला आधी सांगू नये. नको म्हणेल.'

स्टीम प्रेस सुरू होता, त्याची वाफ माझ्या तोंडावर येत होती, म्हणून मी जरा बाजूला झाले. मग डोळे पुसले. ह्या खेपेला रुमाल नव्हता, शर्टाचीच बाही घेतली. कागद होता त्याच घडीवर मोडला, खाकी पाकिटात घातला, वर 'घर' लिहिलं, तारीख घातली आणि खाली, जमेल तेवढ्या नीट अक्षरात, 'शर्ट. डावा खिसा. कागद, १.'

काउंटरच्या त्या टोकाला हे एका कोटाचे खिसे उलटे करत होते. मी पाकीट समोर ठेवलं. ह्यांनी वरचं अक्षर वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाचलंस?"

"नाही," मी म्हटलं. "आपलं काम कपड्यापुरतं."

"बरं," हे म्हणाले. पाकीट शर्टाच्या डाव्या खिशात ठेवलं आणि कोटाचा उरलेला खिसा उलटा केला.